गाडीत आणखी कोणी होतं का?

अल ऐन, ९ जून २०२४

भिवाकाका आणि मुक्ताकाकी,

सुदेशदादा काल सुट्टी संपवून गावाहून परत आले आणि थेट हॉस्पिटलच्या रिसेप्शनला येऊन तुमची पिशवी ठेवून गेले. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि तुमचं पत्र. पत्र काकींच्या हातचं आहे हे शेवटची सही बघून कळलं. काकांची नजर त्या मारानंतर अधू झाली आहे, लिहिणं-वाचणं आता काकीच करतात, असं दादांनी सांगितलं. म्हणजे हेही काकीच वाचत असणार, आणि काका ओटीवर पाय लांब करून ऐकत असणार. पायातली सळई दुखते का अजून? फिजिओवाल्यांनी दाखवलेले व्यायाम चालू ठेवा. कंटाळा येतो, पण सोडू नका.

तुम्ही मला 'मॅडम' लिहिलं आहे. मी एकोणतीस वर्षांची आहे. माझा जन्म अबू धाबीचा. आईबाबा तिथेच खलिफा सिटीत राहतात आणि मी नोकरीसाठी अल ऐनमध्ये एकटी. हॉस्पिटलमध्ये मी दुभाषी आहे. डॉक्टर एक बोलतात, पेशंट दुसरं, त्यांच्या मध्ये मी उभी असते. माझ्या कोटावरच्या बिल्ल्यावर पाच भाषा लिहिल्या आहेत: अरबी, इंग्रजी, हिंदी, मल्याळम, मराठी. आमच्या घरी आईनं मराठी फार कडक ठेवली. माझा भाऊ वेदांग तिला इंग्रजीतच उत्तरं देतो. मी मात्र शुक्रवारच्या मराठी वर्गात दर वर्षी पहिली यायचे.

काकी, तुम्ही लिहिलं आहे, 'तुमच्यामुळे ह्यांचं बोलणं तिथल्या लोकांना कळलं. आमच्या सोमनाथाचं आयुष्यच तेवढं होतं. पण आपण वेळेवर सांगितलं नाही असं ह्यांच्या मनाला लागून राहिलं नाही, एवढं समाधान तुम्ही दिलंत.'

हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. तुम्ही माझे आभार मानू नका. पुराच्या त्या दिवशी एका सकाळीच शंभरावर माणसं आली होती, रस्ते वाहून गेले होते, मोबाइल लागत नव्हते. मी माझं काम करत होते.

आमसुलांचं पाकीट अजून फोडलेलं नाही. फोडेन.

संपदा


अल ऐन, २५ ऑगस्ट २०२४

भिवाकाका, मुक्ताकाकी,

उत्तराला उशीर झाला. गावातल्या गणपतीच्या तयारीचं वाचलं. या वर्षी दुखवटा म्हणून तुम्ही आणणार नाही, नुसता दिवा लावणार, हेही वाचलं.

तुम्ही विचारलंत, बरी आहेस ना, तुझं पत्र तुटक वाटलं. मी बरी आहे. शनिवारी सुदेशदादांकडून मालवणी शिकते. त्यांच्या कॅम्पजवळच्या कॅफेटेरियात चहा घेऊन बसतो. मी वही नेते. ते हसतात, म्हणतात, "मॅडम, ही काय शिकूची भाषा? ही आवशीच्या पोटातसून येता." आवस म्हणजे आई, हे मी लिहून घेतलं. आत्तापर्यंत माझ्याकडे तीनशे बारा शब्द झाले आहेत. पहिला शब्द मी त्यांना विचारला नव्हता. तो मला आधी कळला होता.

एप्रिलमध्येच, सोमनाथला गावी नेल्यावर चार दिवसांनी, मी आईला फोनवर त्याचा अर्थ सहज विचारल्यासारखा विचारला होता. आई लगेच म्हणाली, "अगं, एवढं माहीत नाही तुला? आमच्या शाळेतल्या एक बाई मालवणच्या होत्या, त्यांच्या तोंडी सारखं असायचं." आई मग त्या बाईंच्या आठवणी सांगत बसली. मी फोन कानाला धरून उभी होते.

हे मी तुम्हाला का सांगते आहे, माहीत नाही.

मी बिल्ल्यावरून मराठी काढून टाकायला सांगितलं. एचआरची बाई म्हणाली, "का? ती तर तुझी स्वतःची भाषा." मी म्हटलं, चाचणी द्यायची आहे परत. तशी काही चाचणी नसते. तिनं काढलं.

काका, परवा एक बिहारचे गृहस्थ आले होते, प्लॅस्टर घालायला. घाबरले होते. त्यांनी माझं मनगट धरलं. मी हात ओढून घेतला, आणि ते इतके ओशाळले, की मला त्यांची माफी मागावी लागली. माझ्या डाव्या मनगटाला कोणी हात लावला, की मला तुम्ही दिसता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, केसांत वाळू, आणि मास्कच्या आतून तुमचा आवाज. मी सुपरमार्केटमध्ये उभी असते, लिफ्टमध्ये असते, तेव्हाही तो येतो. आता मला त्यातला शब्द न् शब्द कळतो.

मागच्या महिन्यात मी तुमची गाडी वाहून गेली त्या वादीवर जाऊन आले. वादी म्हणजे इथला ओढाच, पण वर्षभर कोरडा. गाडी लावून चालत गेले. उन्हानं खडी तापली होती, उंटांच्या पावलांचे ठसे होते आणि एका काठाला गाळ वाळून त्याच्या पापड्या झाल्या होत्या. पलीकडच्या उंचवट्यावर एक घाफचं, म्हणजे आपल्या शमीचं, झाड आहे. मी तिथपर्यंत गेले नाही.

काकी, सोमनाथचा एखादा फोटो असेल तर पाठवाल का? मी त्याला फक्त एकदा पाहिलं, आणि ते पाहणं नव्हे.

संपदा


अल ऐन, १७ नोव्हेंबर २०२४

मुक्ताकाकी,

हे पत्र फक्त तुम्हाला आहे. काका जवळ असतील तर आत्ता घडी घाला आणि एकट्या असताना उघडा.

फोटो पोचला. निळा शर्ट, मागे ट्रॅक्टर. बावीस वर्षांचा मुलगा, नोकरीला लागून तीन महिने झालेले, आणि हसताना एक डोळा जरा जास्त मिटतो. फोटो आल्यावर मला तुम्हाला खोटं लिहिता येईना. दोन पत्रं मी तेच केलं होतं.

त्या दिवशीचं सांगते, जसं झालं तसं.

सोळा एप्रिलला सकाळी काका आणि सोमनाथ कंपनीच्या पिकअपमधून एका बागेतले पंप बंद करायला निघाले होते, हे तुम्हाला माहीत आहे. वादीत पाणी आलं आणि गाडी वाहून गेली. काका एका मोरीच्या कठड्याला अडकलेले सापडले. त्यांना आमच्याकडे आणलं तेव्हा पावणेअकरा वाजले होते. डोक्याला मार, पाय मोडलेला, अंग गार पडलेलं. काका चांगलं हिंदी बोलतात हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्यांच्या तोंडातून हिंदीचा एक शब्द येत नव्हता. माणूस इतका खाली गेला, की शिकलेल्या भाषा आधी सुटतात. हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले होते, लेखी परीक्षेत लिहिलंही होतं.

कशफ नावाची नर्स आहे, लाहोरची. मी पोचताच ती म्हणाली, "ये कबसे झील झील कर रहे हैं." उर्दूत, हिंदीत झील म्हणजे तळं. पुरातून काढलेला माणूस तळं-तळं म्हणतो आहे. मी काकांपाशी जायच्या आधीच तो शब्द माझ्या डोक्यात तसा बसला.

फहद नावाचे पोलीस अधिकारी होते. ते अरबीत म्हणाले, त्याला विचार, गाडीत आणखी कोणी होतं का?

मी वाकून विचारलं, "काका, गाडीत तुमच्याबरोबर आणखी कोणी होतं का?"

काकांनी माझं मनगट धरलं आणि सांगितलं, "झील वांगडा होतो. झील थंयच रवलो."

काकी, तुम्हाला हे कळायला क्षणही लागणार नाही. मुलगा सोबत होता. मुलगा तिथेच राहिला. मी ऐकलं ते असं: झील... होतो. झील... राहिलो. मी तळ्यात होतो, मी तळ्यातच राहिलो. माझ्या मराठीत 'होतो' म्हणजे 'मी होतो'. वांगडा हा शब्द मला आला नाही. तो मी सोडून दिला.

इथे मी एक गोष्ट करू शकत होते. 'मला हे कळलं नाही' असं म्हणू शकत होते. मल्याळमच्या पेशंटपाशी मी ते रोज म्हणते, अरबीतही म्हणते. आईला फोन लावू शकत होते, त्या वेळी लँडलाइन चालू होत्या. पण ती मराठी होती, आणि मराठी मला येत नाही असं मी जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

फहद पुन्हा म्हणाले, काय म्हणतो?

मी म्हटलं, "ला. महद." नाही. कोणी नाही. आणि मग म्हटलं, तो पाण्याबद्दल बरळतो आहे.

काकांनी 'नाही' म्हटलं नव्हतं. ते उत्तर मी दिलं.

त्यांनी मला विचारलं, "सांगलंस?"

मी म्हटलं, "हो काका, सगळं सांगितलं. तुम्ही शांत पडा." तेव्हा त्यांनी माझा हात सोडला, डोळे मिटले. त्यांना ऑपरेशनला नेलं.

साडेतीनला सुदेशदादा आले. सकाळपासून रस्ते बंद होते, ते शेवटचे सहा किलोमीटर चालत आले होते, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांना वाटत होतं दोघंही आमच्याकडे आहेत. काउंटरवर त्यांनी हिंदीत विचारलं, "भिवा तो मिला. लडका कौनसे वॉर्ड में है?"

मी फहदना फोन केला. काय म्हटलं, आठवत नाही. साडेपाचला सोमनाथ सापडला.

सुदेशदादांना यातलं काही माहीत नाही. कशफला अर्धं माहीत आहे, ती विचारत नाही. काकांना वाटतं त्यांनी सांगितलं आणि लगेच शोध सुरू झाला. त्यांनी सांगितलं होतं, हे खरं आहे. पुढचं खरं नाही.

मी माफी मागणार होते. पण ती मागितली, की काहीतरी उत्तर देणं तुमच्यावर येईल. म्हणून मागत नाही.

संपदा


अल ऐन, २ फेब्रुवारी २०२५

मुक्ताकाकी,

अडीच महिने रोज पोस्टाची पेटी उघडली. काल तुमचं पत्र आलं.

तुम्ही लिहिलंत, 'मी ते पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे. ह्यांना वाचून दाखवलं नाही. संपदाचं पत्र नाही का आलं म्हणून विचारतात, मी नाही म्हणते. पहिले पंधरा दिवस तुझं नाव ऐकलं तरी माझ्या अंगाची आग व्हायची. आता तसं होत नाही, पण बरं झालं असंही नाही. ह्यांना एकच आधार आहे, की मी सांगितलं आणि ते धावले. तो काढून घेऊन मी काय करू?'

आणि खाली, वेगळ्या पेनानं: 'सोमनाथाबरोबर आलेला अरबी कागद पेटीत आहे. त्याचं इंग्रजीही आहे, पण गावात कोणी नीट सांगितलं नाही. सरपंच म्हणाले, बुडून गेला. आम्हाला तेवढंच माहीत. तुला वाचता येतं. काय लिहिलं आहे ते सांग. काही गाळू नकोस.'

झेरॉक्स तुम्ही सोबत पाठवली आहे. तो कागद मी गेल्या मे महिन्यातच हॉस्पिटलच्या फाइलमध्ये पाहिला आहे. मला त्यातली प्रत्येक ओळ पाठ आहे.

तुम्ही गाळू नकोस म्हणालात. तुम्हाला थांबावंसं वाटलं तर इथे थांबा, पुढचं नंतर वाचा.

सोमनाथ बुडाला नव्हता. गाडीतून तो बाहेर पडला होता. त्याच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. तशा पायानं तो पाण्यातून पलीकडच्या काठाला गेला आणि सरपटत उंचवट्यावर चढला, पाण्यापासून चाळीस मीटर. घाफच्या झाडाच्या फांदीला त्यानं आपला शर्ट बांधला होता, लांबून दिसावा म्हणून असणार. कागदात नुसतं 'फांदीला बांधलेला शर्ट' एवढंच आहे, 'दिसावा म्हणून' हे माझं. जीव गेला तो आतल्या रक्तस्रावानं आणि गारठ्यानं. वेळ लिहिली आहे दुपारी एक ते तीनच्या मधली.

पावणेअकराला काकांनी मला सांगितलं होतं.

वाचला असता का, ते कागदात नाही. मी इथल्या एका डॉक्टरांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, बारापर्यंत हाती लागला असता तर बहुधा वाचला असता.

आणखी एक ओळ आहे. दुसऱ्या पानावर, खालून तिसरी. इतके दिवस मला तिचीच भीती वाटत होती. तिथे शोधाला उशीर का झाला याचं कारण दिलं आहे. शब्दशः लिहिते: 'जखमी वडिलांनी दिलेल्या जबाबानुसार गाडीत ते एकटेच होते.'

ही ओळ काकांच्या नावावर लिहिलेली आहे. ती तुमच्या घरात, तुमच्या पेटीत आहे.

संपदा


अल ऐन, ३० मार्च २०२५

भिवाकाका आणि मुक्ताकाकी,

काका, तुमचा फोन आला तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये होते. आधी काकींचा आवाज आला. "मी तेंका सगळा वाचून दाखवलंय. दोनय पत्रां," असं म्हणून त्यांनी फोन तुमच्या हातात दिला.  तुमच्याकडे कोंबडं आरवत होतं.

तुम्ही म्हणालात, "मी एकटो होतंय असा मी म्हणाक नाय."

मी म्हटलं, नाही काका. तुम्ही म्हणाला नव्हतात.

"मगे कागदार कित्या?"

मी सांगितलं, माझ्यामुळे.

तुम्ही विचारलंत शर्ट कुठला होता. कागदात रंग नाही, असं मी सांगितलं. फोनच्या बाहेर तुम्ही काकींना काहीतरी बोललात, ते मला ऐकू आलं पण नीट कळलं नाही. मी विचारलं, काका, काय म्हणालात, मला कळलं नाही. तुम्ही परत सांगितलंत. "पाय मोडललो आसताना चढलो, म्हणतंय." पाय मोडलेला असताना चढला. 

आणि मग तुम्ही म्हणालात, "माका सांगलंस. आता तेंका सांग."

फोन ठेवला गेला. मला क्षमा केलीत की नाही, हे मी त्यातून शोधायला गेले नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी मी रजा टाकली आणि पोलीस ठाण्यात गेले. आदल्या दिवशी खलिफा सिटीला जाऊन आईबाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "वर्ष होत आलं. आता कोण विचारतंय? नोकरी जाईल, व्हिसा जाईल, कोर्टात उभं करतील."  आई एप्रिलमधल्या त्या फोनबद्दल विचार करत असावी. निघताना तिनं माझा दंड धरला आणि नुसतं म्हणाली, "मला तेव्हाच का नाही विचारलंस गं?" 

फहद तिथेच होते. त्यांनी मला ओळखलं, कहवा मागवला. मी कहव्याला हात लावला नाही. अरबीत सांगितलं, की त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत गाडीत आणखी कोणी होतं का. मी नाही म्हटलं. त्या माणसानं नाही म्हटलं नव्हतं. त्यानं मुलाचं सांगितलं होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्याची भाषा कुठली होती?"

"मराठी."

"आणि तुझी?"

"मराठी."

 ते म्हणाले, "तो कागद मी लिहिला. बापानं मुलाबद्दल सांगितलं नाही, हे वर्षभर माझ्या डोक्यात आहे. धक्क्यानं विसरला असेल, असं मी घरी बायकोलासुद्धा सांगितलं." मग म्हणाले, "तुला आज कोणी पाठवलं?"

मी म्हटलं, "त्या बापानं."

त्यांनी फाइल काढली. माझा जबाब घ्यायला दोन तास लागले. प्रत्येक वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं आणि बरोबर आहे का विचारलं. आता हे प्रकरण सरकारी वकिलांकडे गेलं आहे, पुढच्या महिन्यात मला बोलावतील. हॉस्पिटलनं त्याच आठवड्यात बिल्ला काढून घेतला आणि मला घरी बसवलं. नोकरी राहील असं वाटत नाही. कशफ एकदा येऊन गेली. ती म्हणाली, शब्द तिनं आधी उच्चारला, तिचंही नाव लिहायला हवं होतं. मी नको म्हटलं. प्रश्न मला विचारला होता.

सोबत दुरुस्त केलेला कागद आहे, शिक्क्याचा. जुन्या कागदाबरोबर पेटीत ठेवा. काकी, ही ओळ त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि गावात कोणी विचारलं तर त्यालाही. मराठी भाषांतर मी केलं आहे. सुदेशदादांना शेजारी बसवून शब्द न् शब्द तपासून घेतला आहे. त्यांना आता सगळं माहीत आहे. तपासून झाल्यावर ते माझ्याशी न बोलता उठून गेले.

दुसरं पान, खालून तिसरी ओळ:

'गाडीत आपला मुलगा सोबत होता व तो तिथेच राहिला आहे, असे जखमी वडिलांनी सकाळी पावणेअकरा वाजता स्पष्ट सांगितले होते. दुभाषी संपदा यांना ते समजले नाही. त्यांनी विचारले नाही, आणि वडिलांच्या वतीने नाही असे उत्तर दिले.'